मामाजींचा उरलेला शब्द

लग्न होऊन मी मोताळ्याला आले तेव्हा डोक्यावर पदर होता. माझं माहेर मेहकर तालुक्यातलं. तिकडे सासऱ्यांसमोर सुनेनं तसंच जायची रीत. समोरच्या खोलीत टेबलाशी एक सडपातळ माणूस लाल पेन घेऊन कागदावर वाकला होता. मी नमस्काराला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया नको पडू, बाई. आन ह्या घरात पदर घ्याचं काम नाही," ते म्हणाले. "वाचता येते नं? मंग हे वाच. मोठ्यानं."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, यांना तर सगळा तालुकाच मामाजी म्हणायचा. मामाजींची आणि माझी ओळख झाली ती अशी. हातात आला तो त्यांच्या साप्ताहिकाचा अग्रलेख होता. मी उभ्या उभ्याच वाचायला लागले. एका वाक्यापाशी अडखळले, तसा त्यांनी कागद परत घेतला आणि ते वाक्य खोडून टाकलं.

"तुही जीभ अडली म्हणजे माह्यं वाक्य खोटं हाये," ते म्हणाले.

पुढे कित्येक वर्षं हेच माझं काम झालं. डी.एड. होऊनही मला नोकरी नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. दुपारचं जेवण आटोपलं की मी पुढच्या खोलीत जाऊन बसायची आणि मामाजींनी लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच बोट वर करून म्हणायचे, "खोटं." मी थांबायची, ते खोडायचे. चार पानांचं साप्ताहिक, मलकापूरच्या एका छापखान्यात छापलं जायचं आणि बाजाराच्या दिवशी गावोगावच्या माणसांच्या पिशव्यांतून खेड्यांत पोचायचं.

मामाजी सालदाराचा मुलगा. वडील दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबले. हे मात्र बुलढाण्याच्या वसतिगृहात राहून शिकले. सरकारी नोकरी लागली होती, ती सोडली. तरुणपणी लाल झेंड्यामागे गेले, मग निळ्यामागे, आणि शेवटी दोन्ही झेंडेवाल्यांशी भांडून एकटे पडले. लेखांवरून त्यांना दोनदा अटक झाली होती. विरोधक त्यांना जहाल म्हणायचे. मामाजी म्हणायचे, "जहाल नाही. मी फक्त कर्ता लिहितो." हे मला आधी कळलं नव्हतं. एकदा मी एका बातमीत 'दुर्दैवानं वस्तीचा रस्ता बंद झाला' असं लिहून दिलं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"रस्ता आपोआप बंद झाला काय? कोनं केला?"

मी त्या माणसाचं नाव सांगितलं.

"मंग दुर्दैव काऊन लिहिलं? ज्यानं केलं त्याचं नाव लिही."

आमच्याच समाजातल्या एका पुढाऱ्याविरुद्ध त्यांनी लिहिलं तेव्हा आमचीच माणसं घरावर चालून आली आणि पुढच्या खिडकीची काच फोडून गेली. वस्तीतल्या बायांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी रडले. मामाजी खिडकीला पुठ्ठा लावत होते. म्हणाले, "परक्याचा दगड लागला का माणूस मोठा होते. आपल्याचा लागला का एकटा होते. दोन्ही गोष्टी पेपरात मात्र सारख्याच लिहा लागते." अशा वेळी त्यांचा चेहरा कठोर व्हायचा आणि मला त्यांची भीती वाटायची. माझ्या नवऱ्याला तर लहानपणापासून वाटत आलेली. तो मलकापूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. वडिलांचा पेपर तो घरी वाचत नसे.

मामाजींचा आवाज गेला तोही बाजाराचाच दिवस. घाटाखालच्या एका गावातली बाई त्यांच्यासमोर बसून बोलत होती. तिच्या सासऱ्याच्या काळापासून काही भूमिहीन कुटुंबं गावाच्या गायरानात ज्वारी, तूर पेरत आली होती. आता ते गायरान एका शिक्षण संस्थेच्या नव्या कॉलेजासाठी द्यायचं ठरत होतं. मोजणीचे खांब आधीच येऊन पडले होते. बाई सांगत होती, मामाजी लिहून घेत होते. मी आत कणीक मळत होते. त्यांचं "मंग?" असं विचारणं ऐकू येत होतं. ते दर दोन वाक्यांनी "मंग?" म्हणायचे. एकदा "मंग" आला आणि त्यातला प्रश्न गेलेला होता. मग बाईची हाक आली.

"अवो सूनबाई, मामाजी काऊन असे करून राह्यले?"

मी धावत गेले. पेन त्यांच्या हातात होतं आणि हलतही होतं, पण कागदावर नुसती एक रेघ टेबलाच्या कडेपर्यंत गेली होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे माझ्याकडे होते, अगदी शांत, मी वाचायला बसले की असायचे तसे.

राजूर घाट चढताना गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नवरा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. बुलढाण्याहून त्यांना अकोल्याला हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा हात आणि पाय गेला आहे, बोलण्याच्या जागेवर मार बसलाय. कळतं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कळत असावं. किती, ते आम्हालाही सांगता येणार नाही."

घरी आणल्यावर बरेच दिवस ते गप्प होते. एका सकाळी मी चमच्यानं चहा पाजत होते, तेव्हा त्यांचे ओठ हलले.

"खोटं," ते म्हणाले.

मी आनंदानं नवऱ्याला हाक मारली. तो आला. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हटलं. औषधाची गोळी पुढे केली, तिलाही म्हटलं. शेजारच्या मावशी भेटायला आल्या, त्यांनाही. दोन-तीन दिवसांनी आमच्या लक्षात आलं की आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या या माणसाजवळ आता एकच शब्द उरला आहे आणि तो हा आहे. भूक लागली तरी खोटं, उजेड डोळ्यांवर आला तरी खोटं. कधी तो विनवणीसारखा यायचा, कधी चिडून, कधी कुणाला शाबासकी द्यावी तसा. डॉक्टरांनी फोनवर समजावलं, असं होतं, एखादाच शब्द राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. मी हो म्हटलं. पण दिवसभर पुढच्या खोलीतून तो शब्द ऐकत घरकाम करणं म्हणजे काय, ते डॉक्टरांना कसं सांगणार? भाजी चिरताना मागून 'खोटं' आलं की हात थांबायचा. आपण आत्ता काय मनात आणत होतो, ते मी तपासून पाहायची. आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच.

साप्ताहिक बंद होतं. नवरा म्हणाला, "बरंच झालं. आता तरी घर शांत राहील."

काही आठवड्यांनी ती गायरानाची बाई पुन्हा आली. मी तिला सांगितलं की मामाजींना बोलता येत नाही, लिहिता येत नाही. तिनं ऐकून घेतलं, पिशवी भिंतीशी ठेवली आणि त्यांच्या खाटेसमोर जमिनीवर बसली.

"ऐकू येते नं त्याईले?"

"येते."

"मंग मी सांगतो. मले सांगाचं हाये."

तिनं सगळं सांगितलं. ग्रामसभा घेतलीच नाही आणि तरी ठराव झाला. खांब रोवले गेले. रोवणाऱ्यांनी तिच्या तुरीतून ट्रॅक्टर नेला. मामाजी ऐकत होते. ती थांबली तेव्हा ते म्हणाले, "खोटं."

बाईचा चेहरा उतरला. "खोटं नाही, मामाजी. डोयानं पाह्यलेलं हाये."

मी घाईघाईनं तिला समजावलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तसं असंल तर ठराव खोटा हाये असंच म्हणत असतीन." ती समाधानानं उठून गेली.

त्या दुपारी मी त्यांच्या टेबलाशी बसले. तोपर्यंत तिथं कधी बसले नव्हते. माझी खुर्ची समोरच्या बाजूला असायची. मनात एवढंच होतं की बाईचं बोलणं विसरायच्या आत उतरवून ठेवावं. पण पहिलं वाक्य लिहिलं ते प्रश्नाचं होतं. मामाजी अग्रलेखाची सुरुवात नेहमी प्रश्नानं करायचे. दुसरं वाक्य तोकडं आलं. तिसऱ्यात 'आम्ही' आलं. मी कुठंही थांबले नाही. लिहून झालं तेव्हा मला घाम आला होता. ते लिहिणं माझं नव्हतं. शब्द मी शोधले नव्हते, ते हाताखाली येत गेले होते. मामाजी खाटेवरून बघत होते.

मी कागद घेऊन माझ्या जुन्या खुर्चीवर बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदात ते म्हणाले, "खोटं."

मी थांबून ते वाक्य पाहिलं. 'संपूर्ण गाव संतापानं पेटून उठलं आहे,' असं मी लिहिलं होतं. गाव पेटून उठलं नव्हतं. गावातली बरीच माणसं कॉलेज होणार म्हणून खूश होती. मी ते खोडलं. पुढे वाचलं. पुन्हा "खोटं." त्या वाक्यात मला काही वावगं दिसेना, तरी तेही काढलं. मग खिडकीच्या गजावर एक चिमणी येऊन बसली. मामाजींनी तिच्याकडे पाहून तितक्याच ठामपणे म्हटलं, "खोटं."

मलकापूरच्या छापखान्यात मी कागद नेऊन दिले, बंद पडलेलं साप्ताहिक पुन्हा निघालं आणि लेख छापून आला. अग्रलेखावर आमच्याकडे कधीच नाव नसायचं, त्यामुळे मला काही लपवावं लागलं नाही. बाजारात माणसं मला थांबवून म्हणाली, "मामाजी बरे झाले वाटते. हात तोच हाये त्याईचा." मी हसले आणि पुढे गेले. त्यानंतर मी दर आठवड्याला लिहीत गेले. आणि दर आठवड्याला, लिहायला बसले की, पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. मामाजी तर समोर खाटेवर असायचे. मागे जे असायचं ते त्यांचं बोलतं रूप असावं, चालतं, दोन्ही हात शाबूत असलेलं. ते वाक्य पुरं व्हायच्या आत खोडायचं. एकदा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "तू बाबासारखी खाकरून राह्यली." मला ठाऊकच नव्हतं. लिहिण्याआधी मामाजी दोनदा घसा खाकरायचे, तसं मी करत होते.

गायरानावर तीन-चार लेख झाले. मोजणीची माणसं एकदा परत गेली. मग एके दिवशी त्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आमच्या घरी आले. सोबत शाल, नारळ, फुलांचा गुच्छ आणि मोबाईल वर धरलेली पाच-सहा माणसं. मामाजींचा घरी येऊन सत्कार करायचा, असं त्यांनी आधी कळवलं होतं. नाही म्हणायला मला जमलं नव्हतं. नवऱ्यानं मामाजींना धुतलेला शर्ट घातला, उशा लावून बसवलं.

अध्यक्षांनी शाल पांघरली आणि उभं राहून बोलायला लागले. "मामाजी म्हणजे आपल्या तालुक्याचा आरसा. आमच्यात मतभेद झाले, मनभेद कधी झाले नाहीत. आज मी त्यांच्यासमोर शब्द देतो की गायरानाच्या बाबतीत एकाही गरिबावर अन्याय होणार नाही."

"खोटं," मामाजी म्हणाले.

आवाज स्पष्ट होता, पूर्वीच्या सभेतल्यासारखा. अध्यक्ष हसले आणि पुन्हा म्हणाले, "मामाजी, माझ्यावर विश्वास ठेवा."

"खोटं."

मागच्या कुणीतरी हसू दाबलं. अध्यक्षांच्या माणसानं मोबाईल खाली घेतला, पण दुसऱ्या कुणाचा तरी चालू राहिला असावा. संध्याकाळपर्यंत ते चित्रण तालुकाभर फिरलं. म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं, अशी चर्चा झाली. त्याच सकाळी त्यांनी आंघोळीच्या पाण्यालाही तेच म्हटलं होतं, हे फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक होतं. मी स्वतःला तेच बजावत होते. पण त्या क्षणी मी त्यांचे डोळे पाहिले होते. ते अध्यक्षांवर रोखलेले होते, आणि बोलून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. मी वाचत असताना ते बोट वर करायचे, तसं त्यांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून किंचित उचललेलं होतं.

अध्यक्ष चहाचा कप द्यायला स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

"चहा चांगला झाला, सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "लेखही चांगले होऊन राह्यले. पण त्याईचा उजवा हात चालत नाही म्हणते डॉक्टर. मंग लिहिते कोन?"

"तेच सांगतात. मी उतरवते."

"काय सांगतात? आत्ता सांगितलं तेच?"

कप माझ्या हातात ठेवून ते निघून गेले.

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना नवरा एका दुपारी घरी आला. इतक्या लवकर तो कधी येत नसे. पायरीवर बसून त्यानं बूट काढले.

"मालकानं उद्यापासून नको येऊ म्हटलं," तो म्हणाला. "कोनाचा तरी फोन आला होता म्हणे."

मी त्याच्याजवळ बसले. आता तो पेपर बंद कर म्हणेल, याची मी वाट बघत होते. हो म्हणायचं, हेही मी ठरवून टाकलं होतं.

"बंद कर म्हणत नाही मी," तो बूट भिंतीशी सरकवत म्हणाला. "मी वाचतो तुह्ये लेख. तिकडे मालकाच्या टेबलावर पेपर यायचा, तिथं वाचायचो. पण बाबाच्या आडून नको लिहू. लिहाचं त तुह्या नावानं लिही. लहानपणी बाबापायी मार खाल्ला. आता तुह्यापायी खाऊन राह्यलो का बाबापायी, ते मले समजलं पाह्यजे नं."

इतकी वर्षं तो वाचत नाही असं मी धरून चालले होते.

मी माझ्या नावानं लिहायला बसले. 'आम्ही' ऐवजी 'मी' लिहिलं आणि तिथंच अडले. त्या 'मी'च्या पुढे जे वाक्य आलं ते मामाजींचं होतं. ते खोडून दुसरं लिहिलं, तेही त्यांचंच. मग त्यांच्यासारखं नको म्हणून मुद्दाम लांबलचक, गोड वाक्यं लिहून पाहिली, तर ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखी वाटली. माझं स्वतःचं लिहिणं कसं असतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी त्यांचंच लिहिणं तोंडात घोळवत आले होते. त्या आठवड्यात मी कागद फाडत राहिले, आणि मामाजी खाटेवरून दर थोड्या वेळानं त्यांचा शब्द म्हणत राहिले. एकदा मी वळून चिडून म्हणाले, "मंग खरं काय हाये ते सांगा नं, मामाजी." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उठून त्यांचं तोंड पुसलं. त्या दिवशी आणखी काही लिहिलं नाही.

हिवाळ्यात त्यांची तब्येत खालावली. शेजारच्या मावशी पौर्णिमेला आमच्याकडे येऊन मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या. मामाजींना या गोष्टींत रस नव्हता. ते म्हणायचे, बाबासाहेबांचे ग्रंथ वाचा, मेणबत्त्या नंतर लावा. त्या पौर्णिमेला मावशींनी वंदना सुरू केली आणि खाटेवरून दुसरा आवाज त्यात मिसळला. मामाजी म्हणत होते. एकामागून एक, न अडखळता, सगळे पाली शब्द, लहानपणी वस्तीतल्या विहारात शिकलेले. मावशी मध्येच थांबल्या. मामाजी थांबले नाहीत. शेवटपर्यंत म्हणून झाल्यावर त्यांनी ओठ मिटले. नवरा त्यांच्याजवळ जाऊन वाकला. "बाबा," तो म्हणाला, "मले ओयखता नं? माह्यं नाव घ्या." मामाजींनी खूप प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि बाहेर आला तो तोच शब्द. नवऱ्यानं त्यांचा हात कपाळाला लावला आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळच्या उन्हात खाट सरकवली असताना, ते गेले. मी त्यांच्यासाठी भाताची पेज घेऊन आले तेव्हा ते उघड्या डोळ्यांनी खिडकीकडे पाहत होते. मी हाक मारली. त्या घरात हाकेला काहीच उत्तर न येण्याची मला सवय नव्हती.

घाटाखालून, नळगंगेच्या काठच्या गावांतून माणसं आली. खिडकी फोडणाऱ्यांतलेही आले. अध्यक्षही आले आणि खांदा देऊन गेले. गायरानाची बाई माझ्याजवळ बसून होती. संध्याकाळी निघताना तिनं विचारलं, "आता पेपर?"

"निघेल," मी म्हणाले.

त्या अंकाचा अग्रलेख मी एका बैठकीत लिहिला. खाली माझं नाव टाकलं. सुरुवात प्रश्नानंच झाली. मी ती बदलली नाही, कारण बदलून पाहिलं तर खोटी वाटत होती. मामाजी कसे गेले ते लिहिलं. त्यांच्याजवळ कोणता शब्द उरला होता तेही लिहिलं. अध्यक्षांना त्यांनी जे म्हटलं ते कळून म्हटलं की नुसतंच, ते मला सांगता येत नाही, हेसुद्धा लिहिलं. त्यावरून लोक माझ्यावर रागावले. एकानं फोन करून म्हटलं, "एवढं एक सांगितलं असतं बाई, कळून म्हटलं म्हणून, त काय बिघडलं असतं?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आमच्या बाजूचा एक मोठा पुरावाच मी काढून घेतल्यासारखं झालं होतं. अध्यक्षांच्या माणसांनी तो अंक वाटला म्हणे.

तुरीला शेंगा धरल्या असताना गायरानात जेसीबी आला. मी आणि नवरा सकाळीच पोचलो होतो. बाया आडव्या बसल्या, मीही बसले. पोलिसांनी आम्हाला उचलून गाडीत घातलं. गाडीच्या जाळीतून मी शेंगांनी लगडलेली तूर आडवी होताना पाहिली. मामाजी असते तर त्यांनी काय लिहिलं असतं, असा विचार माझ्या मनात आला, आणि लगेच वाक्यं येऊ लागली, सरळ, तोकडी, नावांसकट. जेसीबी कोणाचा, हुकूम कोणाचा, समोर कोण उभं होतं आणि कोण गाडीत बसून राहिलं. ती वाक्यं मी मनात पाठ करत राहिले. शेजारी बसलेली बाई रडत होती आणि मी तिचा हात धरून वाक्यं पाठ करत होते. ही गोष्ट मला अजून सोडत नाही. मामाजींनाही आयुष्यभर असंच झालं असेल का? माणूस समोर रडत असताना आत कुणीतरी शांतपणे लिहीत बसलेलं? खिडकीला पुठ्ठा लावताना त्यांचा जो कठोर चेहरा दिसायचा, तो बहुधा यातूनच आला असावा. तसा चेहरा आता माझाही होतो, असं नवरा म्हणतो.

अर्धं गायरान सपाट झालं. मग कुटुंबांच्या वकिलांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला आणि उरलेलं वाचलं. प्रकरण अजून चालू आहे. कॉलेजची पाटी एका टोकाला उभी आहे, दुसऱ्या टोकाला यंदाही तूर आहे. नवऱ्यानं मोताळ्यातच बियाण्याच्या दुकानात काम धरलं आहे. साप्ताहिक निघतं, कधी उशिरा निघतं. पुढच्या खोलीत मी खाट ठेवलेली नाही, पण चालताना अजूनही ती जागा टाळून वळसा घालून जाते.

परवा बातमीसाठी एका आडवळणाच्या खेड्यात गेले होते. एका ओसरीवर खूप म्हातारे एक गृहस्थ बसले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांची नात दर आठवड्याला त्यांना आमचा पेपर वाचून दाखवते, शेवटी छापलेल्या माझ्या नावासकट. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हात पुढे करून माझा हात धरला.

"मामाजी कसे हायेत?" त्यांनी विचारलं. "मागच्या अंकातलं ऐकलं मी. वय झालं पण माणूस तसाच बोलते."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. मामाजी गेल्याचा अंकही तिनंच वाचून दाखवला असणार, तो आजोबांना आठवत नव्हता. तिनं तोंड उघडलं, मी मान हलवून तिला थांबवलं.

"त्याईले म्हणा, धरणाच्या पाटाचं पाणी आमच्या वस्तीत येऊन नाही राह्यलं. वरचा दरवाजा कोन बंद करते ते मी सांगतो. तुमी लिहून घ्या आन त्याईले द्या."

"सांगा," मी म्हणाले, आणि ओसरीवर त्यांच्यासमोर बसले. त्यांनी दरवाजा बंद करणाऱ्याचं नाव सांगायला सुरुवात केली. थोडं बोलून ते थांबले, तेव्हा मी विचारलं, "मंग?"